चार पॉइंट मऊ

पिनांचा डबा टेबलावर आदळला तेव्हा काटेबाई सकाळच्या चहाचा पहिला घोट घेत होती. डबा आणणारा माणूस गिऱ्हाईक कंपनीचा खरेदीवाला. एरवी दारातूनच थट्टा करत यायचा. आज त्याने बूटसुद्धा पुसले नाहीत.

"बाई, या पिना मोजा."

"मोजूनच दिल्यात तुम्हाला."

"पुन्हा मोजा. माझ्यासमोर."

कारखान्यात तिला सगळे काटेबाईच म्हणत. मागच्या कोपऱ्यात काचेच्या आड तिची छोटी खोली होती आणि खोलीत कडकपणा मोजायचं जुनं, घड्याळासारख्या तबकडीचं यंत्र. यंत्राला खाली हिऱ्याचं टोक. ते टोक धातूवर टेकवायचं, वरून वजन सोडायचं, की हिरा आत रुततो. जितका कमी रुतेल तितका धातू कडक आणि तितका काट्याचा आकडा मोठा. भट्टीतून आलेला माल या काट्याखालून गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे. बाईच्या तोंडून 'पास' ऐकायला भल्याभल्यांचा जीव टांगणीला लागायचा. "देवाला लाच चालेल, काटेबाईला नाही," असं लेथवरचे कामगार म्हणत. तिला ते ऐकून बरं वाटायचं, उगाच खोटं कशाला सांगा.

तिने एक पीन पुसली, यंत्रावर ठेवली, दांडा ओढला. काटा फिरला आणि अठ्ठावन्नवर थांबला. दुसरी अठ्ठावन्न. तिसरी साडेसत्तावन्न.

"छप्पन ते साठ चालतं. तुमच्याच कागदावर लिहिलंय," ती म्हणाली.

"आमच्याकडे चौपन्न येतंय."

"मग तुमचं यंत्र दुरुस्त करून घ्या."

खरेदीवाला खुर्चीत बसला. या पिना कुठे जातात हे बाईला माहीत होतं. दवाखान्यात ज्यांना उठता येत नाही अशा पेशंटला झोळीत घालून पलंगावरून खुर्चीत ठेवणाऱ्या हॉइस्टला त्या लागत. झोळीचा आडवा दांडा या पिनेवरच लटकलेला असतो.

"परवा एका दवाखान्यात पीन निसटली. झिजून अर्धी झाली होती," तो म्हणाला. "झोळीत एक आजी होत्या. हातभर वर होत्या आणि खाली गादी होती, म्हणून निभावलं. बाई, ती पीन आठ महिन्यांपूर्वीची आहे. दहा वर्षं टिकायला हवी."

बाईने निवलेला चहा बाजूला सारला. मग ती ताडकन उठली. "चला, सोक्षमोक्षच लावते. तंत्रशाळेतल्या मास्तरांकडे जाते. पिनाही नेते आणि माझा ठोकळाही नेते. मग बोलू."

ठोकळा म्हणजे पोलादाची, तळहाताएवढी गोल जाड चकती. तिचा कडकपणा आधीच पक्का ठरवून कडेला कोरलेला असतो. दर सोमवारी सकाळी यंत्राने या ठोकळ्यावर एक टोचा मारायचा आणि काटा कोरलेल्या आकड्यावर येतो का ते पाहायचं. सोनाराकडे वजनं असतात तसं हे. तराजू बिघडला तर वजनावरून कळतं. वजनच खोटं असेल तर मात्र कुणालाच काही कळत नाही.

मास्तर आता सत्तरीला टेकले होते, पण प्रयोगशाळेची किल्ली अजून त्यांच्याच कमरेला होती. बाई त्यांचीच विद्यार्थिनी. पुस्तकातला कडकपणा तिला त्यांनी शिकवला होता.

"गिऱ्हाईक कंपनीवाले माझ्या यंत्रावर शंका घेतायत, मास्तर," ती हसत म्हणाली. "तुम्हीच सांगा त्यांना."

मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. आधी स्वतःचा ठोकळा टोचला; काटा हवा तिथे आला. मग तिची पीन ठेवली.

चौपन्न.

दुसरी ठेवली. त्रेपन्न. तिसरी, पुन्हा चौपन्न.

बाईचं हसू गालावरच वाळलं. "असं कसं? माझा ठोकळा लावून बघा ना. बासष्टचा आहे."

मास्तरांनी तिचा ठोकळा ठेवला. दांडा ओढला. काटा अठ्ठावन्नवर येऊन थांबला. त्यांनी जागा बदलून पुन्हा टोचलं. पुन्हा अठ्ठावन्न.  मास्तरांनी ठोकळा उचलला, उजेडात तिरपा धरला, बोटाने कड चाचपली आणि खणातून जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढला.

"कडेवर जाडी किती कोरलीय? वाच."

तिने वाचलं. "सोळा मिलिमीटर."

"आणि ही बघ." मायक्रोमीटरवर सोळा नव्हते. पंधरा पूर्णांक सहा होते. "पोरी, हा कुणीतरी घासलाय. घासताना वरचा थर तापतो. डोळ्याला दिसत नाही, पण कडकपणा निघून जातो. असा ठोकळा टोच्यांनी भरला की फेकायचा असतो, घासायचा नसतो. म्हणून तर जाडी कोरून ठेवतात, कुणी घासलाच तर कळावं. तुला शिकवलं होतं मी हे."

शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं तिने.

"पण हा नवा आहे, मास्तर. पाच वर्षांपूर्वी नवा आला."

"त्याच्या आधीचा कितीचा होता?"

"बासष्ट पूर्णांक चार."

"आणि हा?"

तिने कड पाहिली. बासष्ट पूर्णांक चार. दोन माणसांच्या अंगठ्याचे ठसे एक असत नाहीत, तसे दोन ठोकळ्यांचे आकडे सहसा दशांशापर्यंत एक निघत नाहीत. पाच वर्षं ती हा आकडा दर सोमवारी बघत होती. बघत होती, वाचत नव्हती.

तिने ठोकळा जवळ ओढला. त्याची वरची बाजू आता ती पहिल्यांदा नीट पाहत होती. टोच्यांच्या खळग्यांमधून जो पृष्ठभाग दिसत होता, त्यात तिला स्वतःची भुवई दिसली. इतकं स्वच्छ घासणारा हात अख्ख्या कारखान्यात एकच होता. त्या हाताच्या माणसाला सगळे आरसा म्हणत. तो ग्राइंडिंग मशीनवर होता. आणि तो तिचा नवरा होता.

ती कारखान्यात परतली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. आरसा मशीनपाशी स्टुलावर बसून डबा उघडत होता. तिने ठोकळा त्याच्या डब्याशेजारी ठेवला.

"हा तू घासलास?"

त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. हेच तिला पुढे कितीतरी दिवस छळत राहिलं, की तो खुलला. "अगं! कळलं शेवटी? मला वाटलं जन्मात कळणार नाही तुला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, काय?"

"कधी घासलास?"

"तू बाळंतपणाच्या रजेवर होतीस ना, तेव्हा. आठव की. जाताना डोळ्यांत पाणी आणून म्हणालीस, ठोकळा भरला, एक टोचा मारायला जागा उरली नाही, नवा मागवलाय तो येईना. मी सुट्टीच्या दिवशी येऊन साडेतीन तास बसलो. पाणी सोडून घासला, जराही जळू दिला नाही. म्हटलं, परत येशील तेव्हा स्वच्छ ठोकळा बघून खूश होशील."

"मला सांगितलंस नवा आला."

"मग? नव्यासारखाच होता की."

"ऑफिसात काय सांगितलंस?"

"सांगितलं, मिळाला एक, नवा रद्द करा." आता त्याला तिच्या चेहऱ्याकडे बघून काहीतरी जाणवलं. "का गं? काय झालं?"

तिला तो सोमवार लख्ख आठवला. तीन महिन्यांची मुलगी घरी सासूजवळ ठेवून आलेली, रात्रभर झोप नाही, डोळ्यांपुढे अंधारी. पहिला टोचा मारला तर काटा बासष्टऐवजी अठ्ठावन्नवर. तिला वाटलं, रजेत कुणीतरी यंत्राशी खेळलंय. तिने मागचं झाकण उघडलं, स्क्रू फिरवला आणि यंत्राला बासष्ट म्हणायला लावलं. ठोकळा खरं सांगत होता, की मी आता अठ्ठावन्न आहे. यंत्रही खरंच सांगत होतं. दोघांच्या मध्ये पडून खोटं बोलली ती एकटी. वर्षातून एकदा यंत्र तपासायला येणारा माणूसही तिच्याच ठोकळ्यावर काटा लावून बघायचा, 'बाई, तुमचं यंत्र म्हणजे सोनं' म्हणून सही करायचा.

"या ठोकळ्यावर मी यंत्र लावलं," ती म्हणाली. "पाच वर्षं सगळा माल चार पॉइंट मऊ गेलाय."

आरशाच्या हातातला घास डब्यात पडला. तो धातूतलाच माणूस; त्याला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. "मी पाणी सोडलं होतं गं," एवढंच तो पुन्हा म्हणाला, अगदी लहान आवाजात.

आणि त्याच क्षणी तिला भट्टीमामा आठवले. 

भट्टीमामा म्हणजे या कारखान्याचे जुने भट्टीवाले. पोलाद लालबुंद तापवून तेलात बुडवायचं, की ते काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ होतं. मग त्याला पुन्हा हलकेच ऊब द्यायची, थोडा कडकपणा सोडून थोडा चिवटपणा घ्यायला. किती ऊब द्यायची ते पोलादावर चढणाऱ्या रंगावरून कळतं. आधी वाळल्या गवताचा रंग, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. मामा यंत्राशिवाय, नुसत्या नजरेने, गवताच्या रंगावर बोट ठेवत. ती नवी नवी कामाला लागली तेव्हा खरा धडा त्यांनीच दिला होता. शिशावर नख उमटतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कडक असतं, पण हातोडी मारली की खापरासारखं फुटतं. तांबं मऊ, कथील त्याहून मऊ, पण दोघांचं लग्न लावून दिलं की जन्मतं ते कांसं, आणि ते आईबापांपेक्षा कडक. "दगडापेक्षा वीट मऊ हे शहाणपण संसारात चालतं," ते म्हणत, "पिनेत चालत नाही."

ती रजेवरून आली त्यानंतर महिन्याभरात मामांचा माल नापास व्हायला लागला. माल खरा अठ्ठावन्नचा, पण काटा बासष्ट दाखवायचा. फार कडक, ठिसूळ, परत न्या. पहिल्या आठवड्यात मामा हसले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी भट्टी तपासली. तिसऱ्या आठवड्यात हातात कानस घेऊन तिच्या खोलीत आले. "पोरी, ही पीन बरोबर आहे. कानस मारून बघ, चावत नाही. आणि पुन्हा ऊब दिल्यावर तू पास केलेली ही बघ, कानस चावतेय. ही मऊ आहे. तू स्वतः मार." त्यांनी कानस तिच्या हातात दिली होती. ती म्हणाली होती, "मामा, हाताचा भरवसा नाही. काटा कुणाचा काका नाही की मामा नाही." बाहेर उभे असलेले दोघेतिघे हसले होते. मालकांनी विचारलं, कोण बरोबर? तिने वहीत पाहून सांगितलं, काटा. मामांनी मऊ माल काढायला नकार दिला. महिनाअखेरीस त्यांच्या जागी दुसरा भट्टीवाला आला. काटा म्हणेल तसं करणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर तिने वळलेला.

मालकांना तिने सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. मालक बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"मास्तरांना. आणि खरेदीवाल्याला आत्ता मी सांगणार आहे."

"थांब जरा. आधी वकिलाला..."

"दवाखान्यात माणसं लटकतायत साहेब त्या पिनांवर. आत्ता, या घटकेला."

मालकांनी पेपरवेट खाली ठेवला.  "फोन कर," ते म्हणाले. "इथूनच कर. मी बसतो."

फोन झाला. पलीकडून खरेदीवाला म्हणाला, "पाच वर्षांच्या?" तिने हो म्हटलं. त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी ती आणि आरसा मामांच्या घरी गेले.  मामा एका वाचनालयाच्या सायकल-स्टँडवर बिल्ले द्यायचं काम करतात एवढं तिला उडत उडत कळलं होतं. दार मामींनी उघडलं. मामा खिडकीशी बसले होते. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

"कोण? काटेबाई? ये ये." त्यांनी खुर्ची पुढे केली. ते त्यांचं अगत्य तिला सोसवेना.

तिने उभ्यानेच सांगून टाकलं. ठोकळा, घासणं, स्क्रू, चौपन्न. आरसा तिच्या मागे मान खाली घालून उभा होता.

 सांगून संपलं तेव्हा मामांनी विचारलं, "किती म्हणालीस?"

"चार."

"चार," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा, "चार."

बोलल्या त्या मामी. हातातलं फडकं त्यांनी इतकं पिळलं होतं की बोटं पांढरी झाली होती. "माहितीये तुला, तिथून सुटल्यावर काय झालं ते? हा माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. याला पटेना. दुसऱ्याकडे गेला. तोही तेच म्हणाला. मग तिसरा गाठला, तेव्हा कुठे चष्मा मिळाला. म्हणाला, काटा खोटं बोलणार नाही, माझीच नजर गेली. अगं, पाच वर्षं हा चहा करताना मला हाक मारतो. रंग आला का बघ म्हणतो. चहाचा रंग! ज्याने आयुष्यभर आगीचा रंग ओळखला तो माणूस!"

"पुरे," मामा म्हणाले.

"का पुरे? बोलू दे मला."

"तू नाही. मी बोलतो." ते उठले. बाईला वाटलं, ते आता पाठीवर हात ठेवतील, जाऊ दे म्हणतील. तिने तशी आशा केली होती हे तिचं तिलाच तेव्हा कळलं.  "ठोकळा घासला ते यानं अजाणतेपणी केलं. तू स्क्रू फिरवलास, तेही झोपेत. होतं माणसाकडून. पण मी कानस तुझ्या हातात दिली होती. हातात! एकदा घासायची होती. एक मिनिटाचं काम. ते का नाही केलंस?"

तिच्याकडे उत्तर होतं. पण ते सांगण्यासारखं नव्हतं. बाहेर लोक हसले होते आणि तिला ते आवडलं होतं.

"चूक माझी आहे, मामा," आरसा पुढे होऊन म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्यापाशी येतो मी नंतर."

चहा कुणी विचारला नाही. निघताना मामा दारापर्यंत आले आणि एवढंच म्हणाले, "मला सांगितलंस ते झालं. आता जे हसले होते त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळी तिने मशिनं बंद करायला लावली आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. नवऱ्याचं नाव घेतलं, स्वतःचं घेतलं, मामांचं घेतलं. कानशीची गोष्टही तिने पुरी सांगितली.  नव्या भट्टीवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "म्हणजे पाच वर्षं मी..." एवढं बोलून तो थांबला.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. हॉइस्ट कंपनीने काम काढून घेतलं, ते परत आलं नाही. मालक स्वतः मामांकडे दोनदा गेले. पहिल्यांदा दारातूनच परत आले. दुसऱ्यांदा मामा म्हणाले, अर्धा दिवस येईन आणि भट्टीवर माझा शब्द चालेल. आता ते येतात. नव्या भट्टीवाल्याला रंग दाखवतात, त्याच्याशी हसतात, आरशाला अधूनमधून शिव्याही देतात. काटेबाईशी मात्र कामापुरतं बोलतात. ती पीन मोजते, आकडा सांगते, मग त्यांच्यासमोर कानस मारते. ते मान हलवतात आणि जातात. चष्मा अजून लावतात. सवय झाली म्हणतात.

आरशाने महिनाभर घरात जेवताना मान वर केली नाही. एकदा मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही काय केलंत?" तो म्हणाला, "आईला एक भेट दिली होती." बाई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्या रात्री मात्र दोघं पहिल्यांदा नीट भांडली, आणि भांडण झाल्यावर बोलायलाही लागली.

पिना बाराशे बारा गेल्या होत्या. अकराशे चाळीस परत आल्या, बदलून दिल्या. बहात्तरांचा पत्ता नाही. काही दवाखाने बंद पडले, काही हॉइस्ट विकले गेले, कुणी ते कुणाच्या घरी दिले. बाई रोज जेवणाच्या सुट्टीत यादी घेऊन फोन करते.

काल एका लहान दवाखान्यातल्या कारकुनाने फोन उचलला. त्याला तिचं बोलणं कळेना.

"पीन मऊ म्हणजे काय हो बाई? लोखंडाची आहे ना ती? लोखंड कधी मऊ असतं का?"

"असतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे तो हॉइस्ट आहे ना? आत्ता जाऊन बघता का? मी फोन धरून थांबते."

"आत्ता? जेवतोय मी."

"मी थांबते," ती म्हणाली.